अंगठ्याखालचं अधिक चिन्ह

एक सोपा प्रश्न विचारते. व्हिडिओ गेमचा कंट्रोलर हातात घेतला की तुमचा डावा अंगठा कुठे जातो? आजच्या कंट्रोलरवर तो आधी गोल काडीवर, म्हणजे अॅनालॉग स्टिकवर जाईल. पण त्या काडीच्या वर किंवा खाली एक अधिकचं चिन्ह असतं, गणितातल्या बेरजेसारखं. मेनूमध्ये वर-खाली जायचं असो, हत्यार बदलायचं असो किंवा फायटिंग गेममध्ये एखादी चाल नेमकी टाकायची असो, अंगठा तिथे सरकतोच. या चिन्हाला डी-पॅड म्हणतात. आपण ते हजारो वेळा दाबतो, पण ते कुणी बनवलं आणि का, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही.

मला पडला, आणि शोधता शोधता एक नाव सापडलं : गुनपेई योकोई.

आपल्या मॅगझिनमध्ये विश्वेश्वरय्या, डॉ. कलाम आणि स्टीव्ह जॉब्ज यांच्यावर लेख येतातच, आणि यायलाच हवेत. मी मात्र या वेळी एका मेंटेनन्स इंजिनिअरवर लिहायचं ठरवलं. कारण सांगते. प्लेसमेंटच्या नोटीस बोर्डवर 'मेंटेनन्स' हा शब्द दिसला की आपले चेहरे कसे पडतात ते सगळ्यांना माहीत आहे. जणू चार वर्षं वाया गेली! योकोईंच्या आयुष्याची सुरुवात नेमकी त्याच शब्दापासून झाली.

योकोईंचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी जपानमधल्या क्योतो शहरात झाला. तिथल्याच दोशिशा विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली. ते काही टॉपर वगैरे नव्हते. मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांमध्ये त्यांची वर्णी लागली नाही. शेवटी १९६५ साली गावातल्याच एका कंपनीत ते चिकटले. कंपनीचं नाव निन्तेन्दो. आज हे नाव ऐकून कॉलर ताठ होईल, पण त्या वेळची निन्तेन्दो म्हणजे पत्ते छापणारा कारखाना. १८८९ सालापासून ते लोक हानाफुदा नावाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते बनवत होते. योकोईंचं काम होतं पत्ते बनवणाऱ्या मशिन्सची देखभाल करणं. इलेक्ट्रॉनिक्स शिकून पत्त्यांच्या मशीनला तेल-पाणी! घरी काय सांगितलं असेल याची कल्पना करा.

मशिन्स नीट चालत असल्या की मेंटेनन्सच्या माणसाला फारसं काम नसतं. मग योकोई वेळ घालवायला कारखान्यातल्याच यंत्रांवर काहीबाही बनवत बसायचे. असंच एकदा त्यांनी लांब होणारा एक हात बनवला. आपल्या हॉस्टेलच्या दाराला जाळीचा सरकता दरवाजा असतो ना, ज्याच्या पट्ट्या कात्रीसारख्या एकमेकींत अडकवलेल्या असतात, तीच रचना. मुठी जवळ आणल्या की हात लांब जातो आणि पुढचा चिमटा वस्तू पकडतो. तेव्हाच कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची कारखान्यात फेरी मारत होते आणि त्यांनी ते पाहिलं. यामाउची म्हणजे अतिशय कडक माणूस. बोलावणं आलं तेव्हा योकोईंना वाटलं, आता काही खरं नाही. पण यामाउचींनी ओरडण्याऐवजी त्या हाताचं खेळणं बनवून बाजारात आणायला सांगितलं. १९६६ साली 'अल्ट्रा हँड' या नावाने ते आलं आणि दहा लाखांहून जास्त खपलं. पत्त्यांचा धंदा मंदावत चालला होता, त्यामुळे कंपनीला मोठाच आधार मिळाला. मेंटेनन्सचा माणूस खेळणी बनवणारा झाला.

पुढची काही वर्षं त्यांनी एकामागून एक खेळणी काढली. त्यांतली दोन-तीन सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण डी-पॅडमागचं डोकं त्यांतच दिसतं.

१९६९ चा 'लव्ह टेस्टर' घ्या. दोघांनी एकमेकांचा हात धरायचा, मोकळ्या हातात एकेक धातूचा गोळा धरायचा, आणि मीटरचा काटा तुमचं प्रेम किती ते दाखवणार. आत काय होतं? शरीरातून जाणारा किंचितसा करंट मोजणारं साधं सर्किट! हाताला घाम आला की रेझिस्टन्स कमी, काटा पुढे. फर्स्ट इयरचा ओहमचा नियम, बस्स. मुलींचा हात धरायला निमित्त मिळावं म्हणून हे खेळणं सुचलं, असं योकोई नंतर मिश्कीलपणे कबूल करायचे.

१९७० मध्ये प्रकाशाची बंदूक आली. शार्प कंपनी सोलर सेल विकत होती. सगळे त्याकडे वीज बनवायची वस्तू म्हणून बघायचे, योकोईंनी त्याला निशाण्यात बसवलं. बंदुकीतून प्रकाशाचा झोत येतो, सेलवर पडतो, करंट तयार होतो आणि निशाणा उडतो. शार्पतर्फे हे सेल विकायला येणारे मासायुकी उएमुरा पुढे निन्तेन्दोतच दाखल झाले. त्यांचं नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे. याच कल्पनेतून पुढे टीव्हीवर बदकं मारायच्या खेळाची बंदूक आली. त्यात मात्र उलटं होतं, प्रकाश टीव्हीतून यायचा आणि तो ओळखणारा सेन्सर बंदुकीत असायचा. आपल्याकडे नव्वदच्या दशकात स्वस्तातले टीव्ही गेम मिळायचे, त्यांच्यासोबत अशी बंदूक यायची. आपल्या सरांच्या पिढीला ती नक्की आठवत असेल.

१९७२ ची 'लेफ्टी आरएक्स' ही रिमोटची गाडी तर मला फारच आवडली. त्या काळी रिमोटच्या गाड्या भयंकर महाग होत्या, कारण प्रत्येक हालचालीला वेगळं चॅनल लागायचं. योकोईंनी एकच चॅनल ठेवलं. गाडी सरळ जाते, बटण दाबलं की डावीकडे वळते. उजवीकडे वळतच नाही! पण गोल ट्रॅकवर शर्यत लावायची तर उजवं वळण हवंय कुणाला? किंमत एकदम खाली आली.

सगळंच यशस्वी झालं असं नाही. १९७३ मध्ये रिकाम्या पडलेल्या बोलिंगच्या हॉलमध्ये बंदुकीने उडत्या तबकड्या पाडायचा मोठा खेळ निन्तेन्दोने उभारला. त्याच वर्षी तेलाचं संकट आलं, ऑर्डरी रद्द झाल्या आणि कंपनी कर्जात बुडाली. त्यातून वर यायला काही वर्षं गेली.

आता मुख्य गोष्टीकडे येते. १९७० च्या दशकाच्या शेवटी योकोई बुलेट ट्रेनने, म्हणजे शिंकान्सेनने प्रवास करत होते. समोर एक कंटाळलेला नोकरदार माणूस कॅल्क्युलेटरची बटणं उगाचच दाबत बसला होता. योकोईंच्या मनात आलं, मोठ्या माणसांनाही प्रवासात वेळ घालवायला खेळ हवा आहे, फक्त तो कुणाच्या नजरेत येता कामा नये. म्हणजे हात मांडीवर ठेवून, दोन अंगठ्यांनी, गुपचूप खेळता आला पाहिजे. (आपण लेक्चरला मागच्या बेंचवर मोबाईल धरतो, अगदी तस्सा!)

यानंतर एकदा यामाउचींचा ड्रायव्हर आजारी पडला. त्यांची गाडी परदेशी होती, स्टिअरिंग डावीकडे. जपानमध्येही आपल्यासारखंच स्टिअरिंग उजवीकडे असतं, त्यामुळे ती चालवणारे लोक कमी. योकोईंना ती चालवता यायची, म्हणून त्यांनाच ड्रायव्हर व्हावं लागलं. वाटेत गप्प कसं बसायचं म्हणून त्यांनी कॅल्क्युलेटरएवढ्या खेळाची कल्पना सांगितली. यामाउचींनी फारसा प्रतिसाद दिला नाही, पण थोड्याच दिवसांनी शार्पच्या मोठ्या अधिकाऱ्यांना बोलावून घेतलं. कॅल्क्युलेटरच्या कंपन्यांमध्ये किमतींची एवढी मारामारी झाली होती की एलसीडी आणि चिप दोन्ही स्वस्त झाले होते. १९८० साली 'गेम अँड वॉच' आला. एका यंत्रात एक खेळ आणि घड्याळ. या मालिकेची चार कोटींहून जास्त यंत्रं विकली गेली.

सुरुवातीच्या गेम अँड वॉचमध्ये हालचाल डावी-उजवी एवढीच असायची, त्यामुळे दोन बटणं पुरायची. पण १९८१ मध्ये निन्तेन्दोचा 'डाँकी काँग' हा आर्केड गेम तुफान चालला. तो शिगेरू मियामोतो या तरुण डिझायनरने बनवला होता आणि त्याच्या कामावर देखरेख योकोईंची होती. त्यात शिड्या चढायच्या, धावायचं, पिंपांवरून उड्या मारायच्या. हाच खेळ आता घडी घालून खिशात ठेवायच्या गेम अँड वॉचवर आणायचा होता. चार दिशा हव्यात. आर्केडमध्ये त्यासाठी जॉयस्टिकचा दांडा असतो. पण घडी पडणाऱ्या यंत्रावर दांडा बसवला तर झाकण बंद कसं होणार? चार सुटी बटणं लावली तर कुठलं कुठे आहे हे बघायला खाली पाहावं लागतं, आणि तेवढ्यात पिंप येऊन आदळतं. मॅटेलच्या इंटेलिव्हिजन या कन्सोलवर अंगठ्याने फिरवायची एक गोल चकती होती, पण गोल वस्तूला कोपरेच नसतात. अंगठा नेमका कुठल्या दिशेला आहे ते हाताला कळत नाही.

योकोईंनी चारही बटणं एकत्र जोडून अधिकच्या आकाराचा एकच तुकडा केला. हाच तो डी-पॅड. १९८२ च्या 'डाँकी काँग' गेम अँड वॉचवर तो पहिल्यांदा दिसला.

दिसायला काहीच नाही, पण आत बघा काय आहे. अधिक चिन्हाच्या मधोमध खालून एक टेकू असतो. त्यामुळे सगळा तुकडा सी-सॉसारखा झुकतो. उजवी बाजू खाली गेली की डावी आपोआप वर येते. म्हणजे डावं आणि उजवं एकाच वेळी दाबलं जाणं जवळजवळ अशक्य. सॉफ्टवेअरला जी चूक पकडावी लागली असती ती प्लास्टिकच्या एका तुकड्याने आधीच थांबवली. प्रत्येक टोकाखाली रबराचा छोटा घुमट, त्याच्या पोटात कार्बनची टिकली, आणि खाली सर्किट बोर्डवर एकमेकांत गुंतलेल्या पण न टेकणाऱ्या दोन वाटा. दाबलं की टिकली दोन्ही वाटांना जोडते, सोडलं की रबर उसळून वर येतं. कॅल्क्युलेटरच्या आणि टीव्हीच्या रिमोटच्या बटणांखाली जे असतं तेच. शेजारशेजारच्या दोन दिशा एकत्र दाबल्या की तिरकी दिशा मिळते. चार स्विच, आठ दिशा. आणि महत्त्वाचं म्हणजे अंगठ्याला चारही टोकं जाणवतात, नजर पडद्यावरून हलत नाही. मोबाईलवर गेम खेळताना अंगठा काचेवरून कधी घसरला तेच कळत नाही, तेव्हा या टोकांची किंमत लक्षात येते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या रचनेच्या अमेरिकन पेटंटवर, जे १९८७ साली मिळालं, संशोधक म्हणून नाव आहे इचिरो शिराई यांचं. कल्पना आणि दिशा योकोईंची असली तरी ती प्रत्यक्षात आणणारे हात अनेक होते. ग्रुप प्रोजेक्टमध्ये काम चौघांचं आणि नाव एकाचं, हे आपल्यालाही नवीन नाही. त्यामुळे डी-पॅडचा जनक म्हणून फक्त योकोईंना हार घालताना बाकीच्यांची आठवण ठेवलेली बरी.

१५ जुलै १९८३ ला निन्तेन्दोचा 'फॅमिकॉम' आला. त्याचे मुख्य इंजिनिअर होते तेच उएमुरा, सोलर सेलवाले. त्यांच्या टीमलाही जॉयस्टिकची धास्ती होती. मुलं खेळून झाल्यावर कंट्रोलर जमिनीवर टाकणार, कुणाचा तरी पाय पडणार आणि दांडा मोडणार. मग एका सहकाऱ्याने गेम अँड वॉचचा डी-पॅड काढून फॅमिकॉमच्या नमुन्याला वायरींनी जोडून पाहिला, आणि प्रश्न मिटला. डावीकडे अधिक चिन्ह, उजवीकडे ए आणि बी, मध्ये सिलेक्ट आणि स्टार्ट. सुरुवातीला ए आणि बी चौकोनी रबराची होती. ती कोपऱ्यात अडकायची, म्हणून नंतर गोल प्लास्टिकची केली. दुसऱ्या खेळाडूच्या कंट्रोलरवर स्टार्ट आणि सिलेक्टऐवजी चक्क मायक्रोफोन होता! १९८५ पासून हेच यंत्र अमेरिकेत 'एनईएस' नावाने गेलं आणि सगळी मिळून सहा कोटींहून जास्त विकली गेली.

ईअँडटीसीच्या मंडळींसाठी एक खास गोष्ट. या कंट्रोलरवर एकूण आठ बटणं होतात : डी-पॅडची चार, ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट. म्हणजे बरोब्बर एक बाइट. आत एकच आयसी आहे, ४०२१. पॅरलल इन, सिरियल आउट शिफ्ट रजिस्टर! कन्सोल आधी लॅचची पल्स देतो, त्या क्षणी आठही बटणांची स्थिती रजिस्टरमध्ये पकडली जाते. मग क्लॉकच्या एकेका पल्सला एकेक बिट बाहेर येतो. सप्लाय, ग्राउंड, लॅच, क्लॉक आणि डेटा, एवढ्या पाच वायरी पुरतात. व्हायव्हाला शिफ्ट रजिस्टरचा उपयोग विचारला की आपण 'डेटा ट्रान्सफर' म्हणून मोकळे होतो. पुढच्या वेळी हे उदाहरण द्या, एक्स्टर्नल नक्की खूश होतील.

डी-पॅडचं पेटंट निन्तेन्दोकडे असल्यामुळे इतरांनी वेगवेगळे मार्ग काढले. सेगाने गोल चकतीवर उठावदार दिशा दिल्या. सोनीने १९९४ च्या प्लेस्टेशनवर चार टोकं वेगळी दाखवली, मधला भाग कव्हरखाली झाकला. आत अंगठ्याखाली काम तेच.

योकोईंच्या या सगळ्या कामामागे एक विचार होता. तंत्रज्ञान नवंकोरं असतं तेव्हा महाग असतं, बिघडतं आणि कुणालाच नीट समजलेलं नसतं. तेच जुनं झालं की स्वस्त होतं, भरवशाचं होतं, त्याचे सगळे गुणदोष माहीत होतात. अशा पिकून सुकलेल्या तंत्रज्ञानाला भलत्याच ठिकाणी वापरायचं, असा त्यांचा आग्रह. ओहमचा नियम प्रेम मोजायला, सोलर सेल निशाण्याला, कॅल्क्युलेटरचा पडदा खेळाला. आपण याला जुगाड म्हणू. पण जुगाडात वेळ मारून नेणं असतं. योकोईंची वस्तू मात्र कारखान्यातून लाखांनी निघायची आणि पोरांनी आपटली तरी चालायची.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे २१ एप्रिल १९८९ ला जपानमध्ये आलेला 'गेम बॉय'. आठ बिटचा प्रोसेसर, १६० बाय १४४ पिक्सेलचा हिरवट पडदा, रंगाच्या चार छटा, आणि डावीकडे अर्थातच डी-पॅड. त्याच सुमारास अटारीचा 'लिंक्स' आणि पाठोपाठ सेगाचा 'गेम गिअर' आला. दोघांचेही पडदे रंगीत आणि प्रकाशाचे. सगळ्यांना वाटलं गेम बॉयचं काही खरं नाही. पण त्या दोघांना सहा पेन्सिल सेल लागायचे आणि चार-पाच तासांत ते संपायचे. गेम बॉय चार सेलवर दहा-पंधरा तास आरामात चालायचा, शिवाय स्वस्तही होता. पुढच्या रंगीत मॉडेलसकट ११ कोटी ८६ लाखांहून जास्त गेम बॉय विकले गेले. यातही योकोई एकटे नव्हते. त्यांचे सहकारी सातोरू ओकादा यांनी यंत्र अधिक ताकदवान असावं, कार्ट्रिज बदलता यावीत, म्हणून त्यांच्याशी वाद घातले आणि काही बाबतींत स्वतःचं म्हणणं खरंही केलं. पहिल्यांदा निवडलेला एलसीडी समोरून नीट दिसतच नव्हता. यामाउचींनी तो पाहून नाक मुरडल्यावर दुसऱ्या प्रकारचा पडदा बसवावा लागला.

आता पडता काळ. १९९५ साली योकोईंनी 'व्हर्च्युअल बॉय' आणला. स्टँडवर बसवलेल्या चष्म्यासारख्या यंत्रात डोळे घालायचे आणि आत खोली असलेलं चित्र बघायचं. खर्च आणि वीज वाचवायला फक्त लाल एलईडी वापरले होते, म्हणजे सगळं जग लाल आणि काळं. वाकून बघून मान अवघडायची, डोळे दुखायचे. जेमतेम ७ लाख ७० हजार यंत्रं खपली आणि वर्षभरातच ते बंद पडलं.

गंमत म्हणजे त्याचा कंट्रोलर उत्तम होता. डोळे यंत्रात असताना हात दिसत नाहीत, सगळं स्पर्शावर चालणार. म्हणून त्याला दोन डी-पॅड दिले होते, प्रत्येक अंगठ्याला एक. सेलचा डबाही कंट्रोलरच्याच पाठीवर. हातांचा विचार पूर्ण झाला होता, डोळ्यांचा आणि मानेचा राहिला. मला वाटतं, योकोईंचं सूत्र नुसतं स्वस्त पार्ट वापरा असं कधीच नव्हतं. समोरचा माणूस ती वस्तू कशी धरणार, कुठे बसून वापरणार, हा त्याचा अर्धा भाग होता. तो अर्धा भाग सुटला तेव्हा तेच सूत्र चाललं नाही. आपल्या प्रोजेक्टमध्ये आपण सेन्सरवर सेन्सर लावतो आणि मग प्रेझेंटेशनच्या दिवशी कळतं की ऑन-ऑफचं बटण कुठे द्यायचं हेच ठरलं नव्हतं!

व्हर्च्युअल बॉयच्या अपयशामुळे योकोईंना जावं लागलं असं बरेच जण मानतात. पण स्वतःचं काहीतरी सुरू करायचं त्यांच्या मनात आधीपासून होतं. जाण्याआधी त्यांच्या विभागाचा बारीक आणि सुटसुटीत 'गेम बॉय पॉकेट' जुलै १९९६ मध्ये बाजारात आला, आणि ऑगस्टमध्ये, ३१ वर्षांच्या नोकरीनंतर, ते बाहेर पडले. क्योतोतच त्यांनी 'कोतो' नावाची छोटी कंपनी काढली आणि बांदाई कंपनीसाठी 'वंडरस्वान' या नव्या यंत्राचं काम हाती घेतलं. एकाच पेन्सिल सेलवर चालणारं हे यंत्र आडवं किंवा उभं, कसंही धरून खेळता यायचं. त्यासाठी चार-चार बटणांचे दोन संच दिले होते. यंत्र फिरवलं की दिशांची बटणं बदलायची. ज्यांनी चार बटणं जोडून एक केलं, त्यांच्याच शेवटच्या यंत्रावर ती गरजेपोटी पुन्हा सुटी झाली. स्वतःच्या गाजलेल्या कल्पनेच्या प्रेमात न अडकणं हे किती कठीण असेल!

ते यंत्र बाजारात आलेलं मात्र त्यांना पाहता आलं नाही. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा प्रांतातल्या होकुरिकू एक्सप्रेसवेवर ते ज्या गाडीत होते ती पुढच्या गाडीला धडकली. काय झालं ते पाहायला योकोई खाली उतरले आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीने त्यांना उडवलं. त्यांचं वय अवघं ५६ होतं. वंडरस्वान मार्च १९९९ मध्ये आला. त्यावरच्या एका कोड्याच्या खेळाला त्यांच्या आठवणीसाठी 'गनपे' हे नाव दिलं. २००३ मध्ये गेम डेव्हलपरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांना मरणोत्तर जीवनगौरव पुरस्कार दिला.

मित्रहो, योकोईंचं आयुष्य वाचून मेंटेनन्सची नोकरी केली की माणूस मोठा होतोच, असं मी म्हणणार नाही. यामाउचींसारखा मालक त्या दिवशी कारखान्यात फेरी मारत नसता तर काय झालं असतं कोण जाणे. पण मशीन्सच्या सहवासात राहून कुठला भाग किती ताकदीचा आहे हे हातांना माहीत होणं, ही शिकवणी त्यांना त्या कमी दर्जाच्या समजल्या जाणाऱ्या नोकरीतच मिळाली. आपल्या वर्कशॉपमधल्या मामांना लेथचा नुसता आवाज ऐकून बिघाड कळतो, तसंच काहीसं. फरक एवढाच की योकोईंनी त्या माहितीतून खेळ काढला आणि कुणीतरी त्यांना तो पुढे नेऊ दिला.

तुमच्या मजल्यावर कुणाचा तरी बटणं मेलेला जुना कंट्रोलर पडलेला असेलच. तो फेकू नका. चार-सहा स्क्रू काढून उघडा. रबराचा पडदा उचला, कार्बनच्या टिकल्या आणि बोर्डवरच्या वाटा मऊ कापडाने पुसा. बऱ्याचदा तेवढ्यानेच तो पुन्हा चालू होतो. आणि डी-पॅड हातात आलाच आहे तर तो उलटा करून मधला टेकू एकदा नीट बघून घ्या.

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन)